भोरड्या आल्या त्या रविवारी

अण्णा, कालपासून भोरड्या आल्यात. मागच्या अंगणातल्या पांगाऱ्याला पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांच्यात चोची खुपसून शंभरभर भोरड्यांचा कालवा चाललाय. चार-आठ दिवस फुलांतला रस पितील, मग थंडी सरली म्हणून उत्तरेला आपल्या मुलखात निघून जातील. सकाळी कॅमेरा घेऊन उभी राहिले, दोन-चार फोटो काढले आणि घरात येऊन हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण त्या रविवारचं कधी बोलले नाही.

तुमचं आणि भोरड्यांचं वैर जुनंच. जळकोटकडच्या आपल्या शेतात ज्वारी हुरड्यात आली की थवे उतरायचे आणि तुम्ही मचाणावर उभे राहून पत्र्याचा डबा बडवायचात. एक डबा माझ्याकडेही असायचा. मी मात्र तो गुलाबी-काळा थवा आभाळात एकदम वळायचा ते बघत राहायची. ‘अगं बाई, बघत काय बसलीस? कणसं मोकळी करायलेत ते, बडव!’ तुम्ही वरून ओरडता आणि मी दचकून डबा बडवते. पुढे अहमदपूरच्या शाळेत नोकरी लागली, कॅमेरा घेतला, तेव्हाही तुमचं तेच. ‘माणसाचे काढ की फोटू. दाणे खाणाऱ्याचे कशाला काढतीस?’

मधली एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नायगावला सासरी असताना मी तुम्हाला एक कार्ड टाकलं होतं, दोन ओळींचं. कार्ड मिळालं त्याच दिवशी तुम्ही एसटीनं निघालात. सासऱ्यांच्या ओसरीवर पाणीसुद्धा प्यायला नाहीत. माझी पेटी उचलली, म्हणालात, ‘चल.’ परतीच्या वाटेवर काय झालं, कसं झालं, एक प्रश्न विचारला नाही. नंतरही कधी नाही. पुढे तुम्हाला लकवा झाला आणि धाकट्या भावाचं नांदेडचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तिथं तुमचा जीव रमणार नाही असं ठरलं, तेव्हा मी म्हणूनच एका पायावर तयार झाले. तुम्हाला सांभाळणं मला जड जाणार नाही असं खरंच वाटलं होतं.

उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, डावा हात तेवढा चालत होता. मी तुमच्या खाटेजवळ स्टुलावर एक स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला. पाणी हवं, कूस बदलायची, कपडे ओले झाले, काहीही असो, ताट वाजायचं. तीन वर्षं ते ताट माझ्या डोक्यात वाजत होतं. शाळेच्या वेळात शेजारच्या काकू तुमच्याकडे बघायच्या, पण शाळेतही मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी उठून उभी राहायची. आणि त्या शेवटच्या वर्षी पांगारा फुलला, भोरड्या उतरल्या, तर तुम्ही खिडकीतून बघून ताट बडवायला लागलात. थवा भुर्र. अर्धं तोंड हसायचं तुमचं. पहिले दोन दिवस मीही हसले. मग रोजच तसं व्हायला लागलं, तेव्हा एकदा ओरडले, ‘अण्णा, ही तुमची जवारी न्हाई!’ तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत.

त्या रविवारी ऊन छान पडलं होतं. तुम्हाला चहा पाजला, तोंड पुसलं, आणि ताट-चमचा उचलून पलीकडे खिडकीत ठेवला. तुमचा हात पोचणार नाही इतका लांब. पाऊण तासाचा तर प्रश्न आहे, असं म्हणाले. तुम्हाला म्हणाले की स्वतःला, आठवत नाही. तुम्ही ताटाकडे बघत होतात, एवढं आठवतं.

थवा आला. मनासारखे फोटो मिळाले, आयुष्यात मिळाले नव्हते असे. एकीच्या काळ्या कपाळावर पराग लागला होता, तीच नीट कॅमेऱ्यात आली. तुम्हाला दाखवावं म्हणून आत आले तर चादर खाली ओढली गेलेली आणि तुमचा डावा हात खाटेबाहेर, खिडकीच्या दिशेनं. तुम्ही गेला होतात.

मी तो हात उचलून छातीवर ठेवला. चादर नीट केली. ताट आणून स्टुलावर ठेवलं, त्यात चमचा ठेवला. मग शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू म्हणाल्या, ‘लेकीच्या घरी, झोपंत गेला माणूस. लई नशीबवान.’ डॉक्टर म्हणाले, पटकन गेले असतील. ते ‘असतील’ मी अजून सोडलेलं नाही. धाकट्यानं फोनवर विचारलं, ‘तरास झाला का गं ताई?’ मी म्हणाले, ‘न्हाई. झोपेतच गेले.’

त्याच्या नव्या घरात बैठकीत तुमचा फोटो आहे आणि शेजारी, तेवढ्याच चौकटीत, ती पराग लागलेली भोरडी. आल्यागेल्याला तो कौतुकानं सांगतो, ‘अण्णा गेले त्याच दिवशीचा हाय, ताईनं काढलाय.’ लोक माझ्याकडे बघून मान डोलावतात. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. उद्या त्याच्याकडे जायचंय. यंदा त्याला सगळं सांगायचंच, असं ठरवून कागद काढला आणि वर तुमचंच नाव घातलं गेलं. त्याला हे दाखवणार नाही. कपाटात ठेवून देईन.

एक मात्र तुम्हालाही सांगायचं टाळत होते. त्या दिवशी झाडाखाली उभी असताना मध्येच लक्षात आलं, की घर अगदी शांत आहे. कशामुळे शांत आहे ते मला ठाऊक होतं. तरी मला बरं वाटलं, अण्णा. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. म्हणून फोटो काढून झाले, थवाही उडून गेला, तरी मी लगेच आत आले नाही. पायरीवर बसून राहिले.