उकळून घेतलेले दगड

रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

आलो बाबा एकदाचे कोल्हापुरात! टेम्पोतनं उतरवताना कपाटाचा पाय मोडला, तरी ड्रायव्हरला एक शिवी हासडली नाही, इतका मी आज खूश आहे. शाहूपुरीत माडीवर दोन खोल्या, नळ दारात, उजेड भरपूर. घरमालकीण रत्नव्वा खाली राहतात. सामान नंतर लावा पावणं, ते काय पळून चाललंय व्हय, म्हणत त्यांनी आधी चहा पाजला आणि क्रांतीच्या हातावर शेंगाची पोळी ठेवली. पोरीनं ती खाल्ली. अख्खी खाल्ली! उद्यापासून मी गुळाच्या अडतीवर दिवाणजी आणि ती दुसरीच्या वर्गात.

शालन श्रावणात तापानं गेली, तेव्हापासून पोरीनं तोंडातनं शब्द काढलेला नाही. सात वर्षांचं लेकरू, घरात असून नसल्यागत. बायको गेल्याचं रडायलासुद्धा मला उसंत नाही, हिचं गप्प बसणंच बघवत नाही. जागा बदलून बघा, असं डॉक्टर म्हणाले. पडू दे रे देवा फरक. मला दुसरं काही नको.

बुधवार, ११ नोव्हेंबर

बोलली! माझी क्रांती बोलली!

गल्लीच्या तोंडाला मृत्युंजय म्हणून एकाचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. शाळेतनं आणताना ती काचेपुढं थांबली ती हलेनाच. माझं बोट ओढून म्हणाली, आबा, मासा बघा की कसा गार पाण्यात ऱ्हातोय. मी भर रस्त्यात रडलो. लोक बघत होते. बघू देत की!

लगेच टाकी घेतली. आत घालायला दगड आणि लाकूड नदीवरनं आणतो म्हटलं, तर मृत्युंजय खेकसलाच. तसंच नेऊन टाकशीला आणि मासं मेलं की माझ्या नावानं बोंबलशीला, म्हणाला. मग त्यानं सगळं नीट समजावलं. दगडावर लिंबू पिळायचं. फेस आला तर तो दगड नको, त्यातला चुना पाण्यात उतरतो. साबण अजिबात लावायचा नाही, नुसत्या ब्रशनं घासायचं. मग गार पाण्यात ठेवून सावकाश उकळी आणायची, अर्धा तास तरी. दगड कोरड्या जाळावर ठेवायचा नाही, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो बॉम्बसारखा फुटतो. निवायलाही आपला आपण सोडायचा. लाकूड मात्र आठवडाभर भिजवून, पुन्हा पुन्हा उकळून, त्याचा चहासारखा रंग उतरेपर्यंत दम धरायचा. आत जे जिवंत असंल ते मेलंच पायजे, म्हणाला. गडी फटकळ, पण मला आवडला.

रविवार, १५ नोव्हेंबर

बापलेक गगनबावड्याच्या एस.टी.नं जाऊन मधेच एका पुलाजवळ उतरलो. पात्रात पुरानं आणून टाकलेली लाकडं पडलेली. एक सापडलं, फांद्या अशा की हरणाची शिंगंच. गोटे तर पोतंभर वेचले असते, पण बाप हमाल नाही हे पोरीला सांगावं लागलं. ती हसली. शालन असती तर या कचऱ्यासकट मला दारातच उभं केलं असतं.

घरी येऊन सगळं भिजत घातलं. क्रांती बादलीपाशीच बसली होती, पाण्यात हात घालून कुणाशी तरी हळूहळू बोलत. माशांचं स्वप्न बघत असेल म्हणून मी तिला उठवलं नाही.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

हमालांचा संप, अडत बंद. क्रांती शाळेत गेल्यावर जुनं जर्मनचं मोठं पातेलं स्टोवर चढवलं. लाकूड काल एकदा उकळून परत भिजत घातलं होतं, आज दगडांची पाळी. सगळे घासले. त्यात एक काळा, चपटा, मुठीत मावेल असा खडा होता. हा कधी उचलला ते आठवेना. तोही घासला आणि टाकला.

उकळी आली तसा पातेल्याच्या बुडातनं आवाज यायला लागला. दगड एकमेकांवर आपटतात म्हणून असेल, पण कुणी कण्हल्यागत वाटत होतं. आणि वाफेला माक्याच्या तेलाचा वास. शालन तेच लावायची डोक्याला. मी झाकण धरून तिथंच खाली बसलो. तिची एवढी आठवण त्या दिवसापासनं आली नव्हती. चांगला अर्धा तास उकळू दिलं.

क्रांती आली. निवायला मांडलेल्या दगडांतला तो काळा खडा बघितला आणि अशी किंचाळली की रत्नव्वा जिना चढून वर आल्या. खडा अजून कढत होता. तिनं तो छातीशी धरला, तळहाताला फोड आले तरी सोडीना. आईला शिजवलासा, म्हणाली. आबा, तुमी आईला शिजवलासा.

तो जिवखडा होता. चितेपाशी पाण्याचं मडकं ज्यानं फोडतात, तो. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात राहतो म्हणतात, आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा असतो. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पोरीची समजूत घालायला सांगितलेलं, की तुझी आई आता ह्यात हाय. पोरीनं आदल्या दिवशी दुसराच खडा फडक्यात बांधून ठेवला आणि आई लपवली, हे आज तिच्याच हुंदक्यांतनं कळलं. मी नदीत सोडला तो रस्त्यावरचा कुठला तरी दगड. आणि तापात आईच्या अंगाची आग व्हायची, सारखी गार पाणी मागायची, म्हणून लेकरानं तिला बादलीत माझ्या गोट्यांत ठेवलं होतं.

शालन, मला माहीत नव्हतं गं.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

क्रांतीला ताप. खडा मुठीत धरून झोपली आहे. झोपण्याआधी त्याला तोंड लावून बराच वेळ कुजबुजत होती. काय म्हणालीस विचारलं तर म्हणाली, आमचं ठरलंय.

त्यानंतर डोळे उघडलेले नाहीत.

शनिवार, २१ नोव्हेंबर

खडा निवत नाही. गुरुवारी उकळला, आज शनिवार, तरी तापलेला. बादलीत ठेवला तर बादलीचं पाणी कोमट. मग नव्या टाकीत ठेवला, म्हटलं गार पाणी भरपूर आहे, शालनला बरं वाटेल. संध्याकाळी मृत्युंजयनं आणून दिलेला लाल मासा उलटा तरंगत होता. पाण्याचा चटका बसत होता.

मृत्युंजय पाण्यात बोट घालून बघून गेला.

रविवार, २२ नोव्हेंबर

आक्का गावाकडनं आली. खडा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. अजून जीव अडकलाय त्यात, आजच्या आज पंचगंगेत सोड, न्हायतर ती पोरीला घेऊन जाईल, म्हणाली.

मला माहीत आहे आक्काचं बरोबर आहे. पण खडा हातात घेतला की तिच्या तापलेल्या हातासारखा लागतो. शेवटच्या दिवसांत ती माझा हात असाच धरून असायची. एकदा नदीवर पोचवल्यासारखं केलं, आता पुन्हा पोचवू? कसं जमायचं मला?

आणि कानाशी नेला की आत काहीतरी हलतं — बारीक — रडल्यासारखं —

मंगळवार, २४ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. पोरगी झोपेत बडबडली — मालकांचा च्या झाला का — रत्नव्वांना हसू आलं, लई मोठी बाई झालीय म्हणाल्या. मला नाही आलं. शालन मला मालक म्हणायची. क्रांती कधीच नाही.

डॉक्टर म्हणतात दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात हलवा. आक्का म्हणते दवाखान्यानं नाही उतरायचा.

गुरुवार, २६ नोव्हेंबर, दुपार

सोडला. घाटावर जाऊन, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सोडला. शालन, माफ कर. पोरीसाठी केलं. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

हातातनं सुटताना आबा अशी हाक ऐकू आली. डोक्यात सारखी क्रांतीच आहे म्हणून असेल.

घरी आलो तर आक्का दारातच रडत हसत होती. ताप उतरला! अंग गार पडलं, घाम आला, उठून बसली, भाकरी मागितली. देवा, तुझे उपकार —

संध्याकाळ

लिहिता येत नाही नीट.

दुपारी वही ठेवून तसाच आत गेलो, तर क्रांती पलंगावर बसली होती. फ्रॉक गुडघ्याखाली ओढून, केस मागं बांधून. मला बघून डोक्यावर पदर घ्यायला हात नेला. पदर नव्हता. मग म्हणाली — अवो, किती वाळलासा.

शालन बोलत होती. माझ्या लेकीच्या तोंडानं.

म्हणाली पोरगी कुठाय? मला म्हणाली होती, आई तुला लई भाजतंय, तू बाहेर ये, माझ्या अंगात गार पड, तवर मी हितं तुझ्या जागेला बसते. मी नको नको म्हणत हुते. ऐकंना. आबा काढतील मला, म्हणाली. आबांना सगळं जमतंय.

मग माझ्याकडं बघितलं. काढलासा न्हवं तिला?

नदीत, म्हणालो.

ती रडली नाही. नुसती माझ्या ओल्या कपड्यांकडं बघत राहिली — आणि मग उठून बॅटरी शोधायला लागली.

रात्र

घाटावरनं आलो. अंधारात दिसत नाही. पात्रात सगळेच काळे, सगळेच चपटे. खिसे भरून आणलेत. शालन बॅटरी घेऊन दारात उभी आहे, क्रांतीच्या पायात क्रांतीच्या चपला. चला म्हणते, पुन्हा जाऊ, लेकरू भ्यालं असंल.

एकेक कानाला लावून बघतोय. गार. गार. हा पण गार. हा एक जरा —