दोन्ही गाई आटल्या त्या वर्षी

प्रिय मंदाताई,

'प्रिय' लिहिलं खरं, पण हात अडखळला. सवयीनं लिहिलं असं समज. आणखी एक आधीच सांगून ठेवते. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुला 'अहो ताई' म्हणत आले. तू थोरली जाऊ, मी धाकटी. आज मात्र मी एकेरीवर येणार आहे. रागावलीस तर रागाव.

काल अविधवा नवमी झाली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा पितृपक्षातला दिवस. तुझ्या नावानं वरच्या आळीतल्या इंदूबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बसवलं. स्वयंपाक माझा, वाढायला मीच. ओटी भरताना इंदूबाई म्हणाल्या, "मंदा लई नशिबाची. ना दुखणं ना खुपणं, चालता-बोलता अहेव गेली." माझ्या ओंजळीतले तांदूळ निम्मे जमिनीवर सांडले. परवापरवापर्यंत मीही हेच सांगत होते ना सगळ्यांना! आता खरं कळलंय, आणि ते तुझ्या तोंडावर बोलल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. म्हणून हे पत्र.

आठवतं का, त्या पाळण्यांच्या पार्काचं खूळ कोणी काढलं? तूच. जुन्नरच्या बाजारात आपण शबानाभाभींकडे ब्लाउज शिवायला टाकायचो. त्या पोराबाळांना घेऊन घाटाखालच्या त्या मोठ्या पार्कात जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "गाडी वर जाऊन थांबती, आणि खाली येती तवा काळीज वरच ऱ्हातं." तू इतकी हसलीस की टेबलावरचे खण खाली पडले. येताना एसटीत माझा हात धरून म्हणालीस, "अलके, आपुन दोघींनीच जायचं. पोरं नको, मालक नको. गर्दी नसंल तवा जायचं, म्हंजी मोकळंढाकळं वरडता यील."

पण जायचं कसं? गोठ्यात तुझी राणी आणि माझी चंद्री. आपल्या दोघींशिवाय तिसऱ्या हाताला त्या पान्हा चोरायच्या. लग्न असो, बारसं असो, एकीनं जायचं आणि एकीनं दोन्ही वेळच्या धारांना थांबायचं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण निमगावची शीव दोघींनी मिळून ओलांडली ती जुन्नरच्या बाजारापुरतीच. दुपारी जायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत.

मग तोडगाही तूच काढलास. गाय व्यायच्या आधी दोन महिने तिचं दूध आटवतात. दोघी एकाच सुमाराला गाभण राहिल्या तर एकदमच आटतील, आणि आपल्याला धारेची सुट्टी. वैरण काय, आपले मालक, दोघं भाऊ, टाकतील. काय डोकं चालवलंस म्हणून मी तुझ्यावर खूश! गावात कोणाला बोलले नाही, नाहीतर म्हणाले असते, पाळण्यात बसायला या बाया गाई भरवून घेतात.

माझी चंद्री राहिली. तुझी राणी राहीना. ती माजावर यायची तेव्हा मी कांद्यात असायचे. घरी आले की तू सांगायचीस, गुरांचा डॉक्टर येऊन भरवायचं इंजेक्शन देऊन गेला. तीन आठवड्यांनी कपाळाला हात लावून म्हणायचीस, "उलटली गं परत." म्हणजे राहिलीच नाही. शेवटी केव्हातरी राणी राहायची, पण तोवर माझी चंद्री व्यायलेली असायची. एकदा नाही, दोनदा झालं असं. मी त्या डॉक्टरला नावं ठेवली, पेंडीला नावं ठेवली. राणी गाभण राहू दे म्हणून देवीला नारळ बोलले. देवीसुद्धा गालातल्या गालात हसली असेल माझ्या भोळेपणाला.

आणि ते ड्रेस? पार्कातल्या पाण्याच्या खेळांना साडी चालत नाही असं शबानाभाभींनी सांगितलं, तर एकाच ताग्यातून दोघींना पंजाबी ड्रेस शिवून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. तू मापं देताना हात वर करून उभी होतीस, "जरा सैल ठेवा भाभी, गाडीत जोरात श्वास घ्यावा लागंल," असं म्हणालीस. तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मापं दिलीस!

मग एके सकाळी गोठ्यात तू राणीजवळ बसल्या जागी कलंडलीस. मी शेणाची पाटी टाकून परत आले तेवढ्यात. बादली उपडी झाली होती आणि राणी जागची हलली नव्हती.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि या वर्षी काय व्हावं? कोणी काही न ठरवता दोन्ही गाई एकदम आटल्या. मी गोठ्यात उभी राहून रडले. ते तुझ्या लेकीनं, पूनमनं पाहिलं. तिच्या लग्नाची सुपारी फुटलीय, आंबेगावातलं स्थळ आहे, मुलगा चाकणला नोकरीला, तुझ्या माहेरच्यांनीच सुचवलेला. चांगला आहे गं. तर पूनम म्हणाली, काकी, मी रजा टाकते, आपण दोघी जाऊन येऊ. पितरांच्या दिवसांत कसली मौज, असं दादा, तुझे मालक, म्हणाले. पूनम म्हणाली, म्हणूनच तिथे कोणी नसतं.

खरंच कोणी नव्हतं. एवढं मोठं आवार, वाद्यं वाजतायत आणि ऐकायला आम्ही दोघी. गणवेशातली माणसं जास्त, आलेली कमी. अस्वलाचा वेष घातलेला एक जण मुंडकं मांडीवर काढून ठेवून वडापाव खात होता. आम्हाला बघितल्यावर घाईनं मुंडकं चढवून हात हलवायला लागला. मी म्हटलं, जेवा हो भाऊ सावकाश. निम्मे पाळणे दुरुस्तीला काढलेले. मी आपला तो ड्रेस घालून सगळीकडे तुला दाखवत फिरत होते. हे बघा ताई, ते बघा ताई, मनातल्या मनात. इतकी खुळी.

मग ती मोठी गाडी आली. आभाळात चढून खाली येणारी. दारातच एक फलक होता, त्यावर चित्रं. पोटुशी बाई, पाठ दुखणारा माणूस आणि लाल काळीज. यांनी बसू नये. मी बाकीचं वाचत होते तर पूनम म्हणाली, काकी तू बस, मी इथंच थांबते. मी म्हटलं, तुझी आई असती तर पहिल्या डब्यात जाऊन बसली असती.

तिचा चेहरा उतरला. खाली बघत म्हणाली, "काकी, आईला बसता आलंच नसतं. तिच्या काळजाची झडप बिघडली व्हती. तिला दोन-तीन वर्षांपास्नं ठाऊक व्हतं. पप्पांना, मला, काकांना बी. तुला सांगायचं न्हाई म्हणून तिनं समद्यांना शप्पथ घातली व्हती."

काकांना बी! म्हणजे माझ्या नवऱ्याला. माझ्या ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसाला ठाऊक, आणि मला नाही.

मी विचारलं, आणि राणीचं? तर म्हणाली, आई गुरांच्या डॉक्टरला फोनच करत नव्हती. दोन्ही गाई एकदम आटल्या असत्या तर ताई, तुला माझ्याबरोबर इथे यावं लागलं असतं, आणि इथे आल्यावर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून मुक्या जनावराच्या नावावर खपवलंस, होय ना? माहेरी जाते म्हणून मंचरच्या दवाखान्यात जायचीस. आणि मी खुळी तुझ्या आईसाठी कुरडया बांधून द्यायचे. त्या कोणी खाल्ल्या गं?

मी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? पूनम म्हणाली, "आई म्हणायची, अलकीला कळलं तर ती मला बादलीला हात लावू द्यायची न्हाई. जित्तेपणी मी माझ्याच घरात पावणी व्हईन."

बरोबर बोललीस. नसताच लावू दिला हात! दुधाचे कॅन मी वाहिले असते, गाईंचा मुरघास मी उपसला असता, आणि तुला खाटेवर बसवून दिवसभर तुझी बोलणी खाल्ली असती. ते तुला नको होतं. पण तू काय केलंस ते बघ. त्या दोन-तीन वर्षांत कॅनचा दुसरा कान मी तुझ्या हातात दिला. थांबलीस की 'काय हो ताई, म्हाताऱ्या झालात' म्हणून हसले. तू पण हसायचीस. तू मला माझ्याच हातांनी तुला झिजवायला लावलंस. याला विश्वासघात नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि तुझ्या दहाव्याला? येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगत होते, काही नव्हतं हो तिला, धडधाकट होती. दादा, पूनम, आमचे हे, तिघं खाली माना घालून ऐकत बसले होते. मला वाटलं दुःखानं.

पार्कातनं घरी आल्यावर ह्यांना विचारलं. म्हणाले, वहिनीनं शपथ घातली होती, मी काय करणार. एरवी वहिनीचं एक ऐकलं नाही या माणसानं, आणि हे मात्र पाळलं! दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण त्यांच्यावर राग धरून बसता येत नाही गं, समोर येतात, चहा मागतात. तुझ्यावरचा राग कुठे नेऊ? तू समोर येतच नाहीस.

एवढंच होतं तर पार्कात येऊन बाकावर बसली असतीस. मी पण बसले असते तुझ्याशेजारी. भाकरी-ठेचा खाल्ला असता, दुसऱ्यांना ओरडताना बघितलं असतं. मला त्या गाडीचं काय पडलं होतं? मला तुझ्याबरोबर कुठेतरी जायचं होतं. एवढं साधं तुला कळलं नाही?

पार्कात त्या वेळी मात्र मी सरळ गाडीकडे गेले. तिथला माणूस म्हणाला, मावशी, चार जण तरी होऊ द्या. बराच वेळ कोणी आलंच नाही. शेवटी त्यानं मला एकटीलाच बसवलं आणि गाडी सोडली. मंदाताई, वर जाऊन ती थांबली तेव्हा मी तुझं नाव घेऊन ओरडले. तुला शिव्या दिल्या. आपल्या घरात बायका देत नाहीत तसल्या. अख्ख्या पार्कात ऐकायला कोणी नव्हतं.

मी उतरले. पूनम बाकावर बसली होती, तशीच, छातीवर हात ठेवून. मला पाहिल्यावर हात खाली घेतला. तो हात खाली घ्यायची तऱ्हा मी ओळखली. गोठ्यात मी आत आले की तूही असाच घ्यायचीस, आणि मी समजायचे, घाम पुसतेयस.

मी तिच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, तू का नाही बसलीस?

आधी म्हणाली, भीती वाटते. मग म्हणाली, चक्कर येते. मग रडली. "मधनंच धडधडतं गं काकी. जिना चढले की दम लागतो. तपासलं न्हाई अजून. पप्पांना सांगू नको. आणि त्या लोकांना कळलं तर सोयरीक मोडंल. तुला माझ्या आईची शप्पथ हाय."

बघितलंस? तुझी शपथ. मेल्यावरसुद्धा तू मला तोंड बंद ठेवायला लावतेस!

तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं, काकीनं मानलं. निश्चिंत होऊन परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. काल नवमीला घरात माणसं होती म्हणून मी थांबले. आत्ता हे पत्र लिहितेय आणि ती स्वयंपाकघरात गुणगुणतेय.

तर ऐक, मंदाताई. तुला मी इतक्यात माफ करणार नाही. पण एक वचन देते. तुझी शपथ मी मोडणार. हे पत्र संपलं की मी बाहेर ओसरीवर जाणार आणि दादांना सगळं सांगणार. उद्या पूनमला मंचरला घेऊन जाणार, माहेरचं नाव न घेता, दवाखान्यात म्हणूनच सांगून. औषध असेल तर औषध, चिरफाड असेल तर चिरफाड. मुलाकडच्यांनाही लग्नाआधी मीच सांगणार. सोयरीक राहिली तर राहिली, मोडली तर मोडली.

पोर माझ्यावर खवळेल. काकीनं दगा दिला म्हणेल, महिनामहिना तोंड बघणार नाही माझं. चालेल मला. ती खूप वर्षं जगू दे आणि खूप वर्षं माझ्यावर रागावू दे.

उठते आता. दादा ओसरीवर आलेत.

तुझीच,
अलका