अर्जाचं दुसरं पान

प्रिय घुम्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. ठेवू नकोस. जन्मभर मी बोलले आणि तू ऐकलंस. एवढं एकदा वाच.

आधी घरची खबर. तू शाकारून गेलास ती कौलं शाबूत आहेत. स्वयंपाकघराचं मागचं दार मी फळ्या ठोकून बंद केलंय. सकाळी चहा टाकताना हात अजून सवयीने कडीकडे जातो आणि फळीवर आपटतो. शेजारची दोन्ही घरं रिकामी झाली. पलीकडचे शिंपीकाका सामान भरताना म्हणाले, बाई, तुमची भाषणं आता भिंतींनाच ऐकवा, त्यांना तरी कुठे पळता येतंय. मी हसले. मग लक्षात आलं की आपल्याकडे भिंतीसुद्धा जागच्या हलतात.

आई म्हणायची, एकाच पोटी एक भोंगा निपजला आणि एक घुम्या. कौलांच्या कारखान्याचा भोंगा झाला की मी पाळण्यातून त्याच्या वर आवाज चढवायची म्हणे. बाबा खाणीत, पुढे तूही तिथेच मुकादम. आपल्या ताटातला घास त्या चिकणमातीतून आला आणि मी तिच्याचविरुद्ध उभी राहिले. त्याची मला लाज नाही. तीस वर्षं कारखानावाल्यांनी या वस्तीखालची जमीन पोखरून नेली, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर म्हणेन. पण बाबांचं एक वाक्य मी भाषणात कधी घेतलं नाही. खणताना वरची काळी माती वेगळी काढून ढीग लावायचा, खालच्या चिकणीत मिसळू द्यायची नाही. जाताना ती परत अंथरायची असते, पाहुणे म्हणून झोपलो तर सकाळी अंथरुणाची घडी घालतो तशी. तू तो ढीग किती जपलास! त्यावरून कुणी गाडी घातली तर तुझ्यासारखा घुम्या शिव्या द्यायचा.

खाणीच्या परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा कारखान्याचा दोन वर्षं मुदतवाढीचा अर्ज तू स्वतः मला आणून दिलास. दुपार होती, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तू कागद माझ्या चष्म्याखाली ठेवलेस आणि म्हणालास, ताई, दोन्ही पानं वाच. त्या महिन्यातलं तुझं सगळ्यात लांब भाषण ते.

त्यानंतरचं माझं भाषण तुला पाठ असेल. शाळेचा हॉल खचाखच भरला होता. यांना आणखी दोन वर्षं कशाला हवीत, मी विचारलं, हाड चोखून झालं, आता मगजही हवा? मग मागच्या रांगेत तू दिसलास आणि माझ्या जिभेला धार चढली. तो बघा माझा सख्खा भाऊ, मी म्हणाले, त्याच्या चपलांना बघा तुमच्या घराखालची माती लागलीय. लोक हसले, मग टाळ्या. तू मात्र खरंच वाकून आपल्या चपला पाहिल्यास.

मुदतवाढ नाकारली गेली. मला हार घातले. आठवड्यात खाणीला कुलूप लागलं आणि खड्डा भरायचा खर्च वाचला म्हणून कारखानावाले खुशीत निघून गेले. परवानाच नाही म्हटल्यावर आत पाऊल टाकायची सोय नाही, मग भरायचं कुणी? पंप थांबले, खड्ड्यात पाणी चढलं. काळ्या मातीच्या ढिगावर झुडपं माजली. आणि आपल्या घरांमागचा कडा भिंतीसारखा सरळ उभा राहिला, पाण्यात पाय सोडून. तू माझ्याशी बोलत नव्हतास, पण आईला दर आठवड्याला फोन करून सांगायचास, धुणं पुढच्या अंगणात धू. ती म्हणायची, माझे फाटके परकर काय रस्त्यावरच्या लोकांना दाखवू?

त्या मंगळवारी धुण्याच्या दगडासकट मागचं अंगण गेलं. दारात फक्त बादली उरली.

तू आलास. आईचं सगळं उरकल्यावर तुटलेल्या कडेने पावलं मोजत चाललास, आणि मला कळलं की उतार कुठवर आला असता ते तू मोजतोयस. तेव्हा मी घाईघाईने म्हणाले, मला कुठे माहीत होतं रे, मी पहिलंच पान वाचलं होतं. तू मान डोलावलीस. विश्वास ठेवलास.

मी दोन्ही पानं वाचली होती. सभेच्या आदल्या दिवशी, दोनदा. दुसऱ्या पानावर तू पेन्सिलीने आपलं घर काढलं होतंस, मागे धुण्याचा दगड, आणि दगडापासून पाण्याकडे उतरत जाणारी तिरकी रेघ. खाली लिहिलं होतंस की कडा उतरता करायचा तर आधी माती काढावी लागेल, माती काढायला परवाना लागेल, आणि मग काळी माती पसरायला एक वर्ष. मला सगळं समजलं. पण ‘आधी थोडं खणू द्या, मग ते भरतील’ या वाक्याला टाळ्या पडत नाहीत. मी ते पान ड्रॉवरमध्ये टाकलं आणि भाषण लिहायला बसले. आता उरलेल्या वस्तीने मिळून त्याच दोन वर्षांसाठी पुन्हा अर्ज केलाय. दप्तरात हरकत एकच आहे, माझी. गुरुवारी सुनावणीत ती मी मागे घेणार, तुझं दुसरं पान मोठ्याने वाचणार, आणि ते मी तेव्हाच वाचलं होतं हे सांगणार. हॉलने ऐकण्याआधी तू ऐकावंस, म्हणून हे पत्र. अर्जात देखरेख कोण करणार ती जागा रिकामी आहे. तुझं नाव मी लिहिलेलं नाही. एकदा तुला न विचारता भर सभेत घेतलं, तेवढं पुरे. येणार असलास तर मागेच बस, मी बोट दाखवणार नाही. नाही आलास, तरी दगड नेमका कुठे होता ते त्यांना दाखवता येईल. तुझं चित्र मी जपून ठेवलंय.

तुझीच,
ताई