पांढऱ्या कागदाचे पोलाद

मी, फुलचंद हरिसिंग आडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा विळे व सुऱ्या घडविणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार दिग्रसनजीकचा तांडा, जिल्हा यवतमाळ, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वकिलांनी दिलेला छापील नमुना मी परत केला. त्यात हत्यारांसाठी एकच ओळ सोडलेली होती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढील अंगण, मुलगी जया हिला द्यावे. तिची आई लालीबाई वारल्यापासून सात वर्षे ती दर रविवारी पुसदहून एस.टी.ने येऊन माझे पथ्यपाणी पाहते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. भट्टीची जागा मात्र कोणी न्हाणीघर करू नये.

कलम २. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते जया व मुलगा इंद्रजीत यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. याविषयी लिहिण्यासारखे अधिक नाही.

कलम ३. ऐरण, घण, भाता व सांडश्या तांड्याच्या नाईकांच्या ताब्यात द्याव्यात. काम शिकू इच्छील त्याला त्यांनी त्या वापरू द्याव्यात. शेजारी बाबुलाल याला देऊ नयेत. त्याने माझा हातोडा नेऊन दांडा मोडून परत केला व 'आधीच हलत होता' असे म्हणाला. हलत नव्हता. तथापि माझ्या तिरडीला त्याने खांदा द्यावा. त्याची उंची इंद्रजीतएवढी आहे.

कलम ४. हे कलम एका सुरीविषयी आहे. ती जपानी असून इंद्रजीतच्या मालकीची आहे. म्हणून ती मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही, केवळ परत करू शकतो.

इंद्रजीत हैदराबादेस मोठ्या हॉटेलात आचारी आहे. सन २०१३ च्या दिवाळीस तो तीन जपानी सुऱ्या घेऊन घरी आला. पहिली पांढऱ्या कागदाच्या पोलादाची, दुसरी निळ्या कागदाच्या, तिसरी न गंजणाऱ्या. तिकडे कारखान्यात ज्या रंगाच्या कागदात पोलाद बांधतात तेच त्याचे नाव पडते, असे त्याने सांगितले. पांढऱ्याला धार लवकर व फार बारीक लागते, पण ओले राहिले की गंजते. निळ्याला दगडावर मेहनत जास्त, पण धार अधिक दिवस टिकते. न गंजणारे आळशी माणसाला बरे. पांढरीच्या दोन्ही अंगांना मऊ लोखंड व मध्ये पोलाद होते. आमचे आजोबा कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद जोडीत, त्याच जातीचे काम. हे मी ओळखले, पण मुलाजवळ बोललो नाही. बोलायला हवे होते.

पन्नास वर्षे मी पांढरकवड्याहून ट्रकचे मोडके कमानपाटे आणून सुऱ्या केल्या. त्या दिवशी अंगणात दिग्रसची गिऱ्हाइके बसली होती. इंद्रजीतने पांढरीने कांदा कापला. चकत्यांतून पलीकडचे दिसत होते. वामनराव म्हणाले, "फुलचंदभाऊ, आता तुमचं दुकान बंद करा!" सगळे हसले. मीही हसलो.

मग मी बोकडाची नळी पाटावर ठेवली व पांढरी उचलली.

इंद्रजीत म्हणाला, "बा, हाडावर नको. ते कापाले हाये, तोडाले नाही."

मी म्हणालो, "जे हाडाले भेते ते हत्यार कायचं?" आणि मारली. धारेतून तुरीच्या दाण्याएवढा तुकडा उडाला. कमानपाट्याच्या माझ्या सुरीने मी तीच नळी तोडून दाखवली. "काच हाये काच," मी सर्वांना म्हणालो, "अन् घेनाराबी तसाच. जरा लागलं का फुटते."

त्याने बाकीच्या दोन सुऱ्या गुंडाळल्या व पांढरी पाटावरच ठेवली. "बा, तुमी पानी चांगलं देता. पन कोनतं लोखंड कायचं हाये, हे कधी इचारत नाही," एवढे बोलून तो दुपारच्या गाडीने गेला. आईच्या अंत्यविधीस आला, तिसऱ्या दिवशी परतला. आमचे बोलणे झाले नाही.

मला जपानी पोलादाची माहिती नव्हती, असे मी तांड्यात सांगत आलो. ते खोटे आहे. त्या सकाळी मुलगा अंघोळीस गेला असता मी पांढरीची टाच, म्हणजे मुठीजवळचा कोपरा, ग्राइंडरला टेकवून ठिणगी पाहिली होती. कमानपाट्याची ठिणगी लांब जाते व दोन फाटे फोडते. हिची जवळच फुलबाजीसारखी फुटली. एवढे कडक पोलाद हाडावर तुटणार, हे लोहारकाम करणाऱ्या कोणालाही कळते. मला कळले होते. मी जाणून मारली.

वरील परिच्छेद नाईकांच्या अंगणात मोठ्याने वाचावा. त्या दिवशी हसलेल्यांपैकी जे हयात असतील त्यांना बोलवावे.

सुरी लालीबाईने खोबरेल लावून आपल्या जुन्या ओढणीत ठेवली होती. ती गेल्यावर मला सापडली. ग्राइंडरवर तापून पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले असते, म्हणून हातानेच, दगडावर, पाणी घालून एकेचाळीस दिवस घासली. खाच गेली आहे. पाते दीड सूत अरुंद झाले आहे. तेवढे मला भरून देता येत नाही. दर रविवारी मी ती पुसून ठेवतो. टाचेवरील ठिणगीची खूण मात्र मुद्दाम राहू दिली आहे.

दर दिवाळीस जया विचारते, "बा, दादाले फोन लावू का?" मी म्हणतो, "कायले?" बारा वर्षे हेच उत्तर दिले.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला व मला मान्य आहे.

सही: फुलचंद हरिसिंग आडे

साक्षीदार:
१. वामनराव (शेती, दिग्रस), सही
२. बळीराम (शिलाईकाम, दिग्रस), सही

ठिकाण: दिग्रसनजीकचा तांडा
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५, रविवार

ताजा कलम, दोन्ही साक्षीदारांसमक्ष: सही केल्यावर वामनराव म्हणाले, "भाऊ, पोरगं जित्तं हाये, तुमीबी जित्ते हाये. मंग हे मेल्यावर कायले?" हा प्रश्न कायद्यात बसत नाही. पण रास्त आहे. करिता कलम ४ माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू समजावे. जया आत चहा करीत आहे. हा कागद तिच्या हाती देत आहे. तोंडाने मला जमणार नाही.

जया, लाव.

सही: फुलचंद हरिसिंग आडे