नेल्सची कारसीट

सॅन डिएगो,
९ फेब्रुवारी

ती. आईस,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

काल फोनवर तू नेहमीसारखं क्रुकस्टनला उणे किती आहे ते सांगितलंस, बाबांनी मागून बर्फ किती फूट पडलं ते ओरडून सांगितलं, आणि फोन ठेवून दिलात. आपल्या घरात मनातलं बोलायला कागदच लागतो, म्हणून लिहिते.

जहाज वीस मार्चला सुटतंय. सात महिने. बाळ वर्षाचं होईपर्यंत नौदलाने मला किनाऱ्यावर ठेवलं, आता ती सवलत संपली. एक मार्चला नेल्सला घेऊन येते, चार दिवस राहते आणि त्याला तुमच्याकडे ठेवून परत येते. त्याच्या बापाचा विषय काढू नकोस. तो काढण्यासारखा राहिलेला नाही.

विमानात नेल्सचं वेगळं तिकीट काढलंय. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर फुकट नेतात, मग ही उधळपट्टी कशाला, आणि तू आम्हा दोघांना मांडीवरच वाढवलंस, हे सगळं तू म्हणून झालंय. वाढवलंस खरं. पण विमानाने उसळी खाल्ली तर एवढं जडशीळ पोर हातात धरून राहत नाही, हे इंजिनावर हात काळे करणारी बाई तुला सांगतेय. मी त्याची कारसीटच विमानाच्या खुर्चीवर बांधणार. शिवाय ती मग तुमच्याकडे राहील. नवं घर, नवा पाळणा, नवी माणसं, त्यात निदान बसायची जागा तरी त्याच्या ओळखीची असू दे.

आई, आज तो तेरा महिन्यांचा आहे. मी परत येईन तेव्हा एकवीस महिन्यांचा असेल. तो मला ओळखेल का? उत्तरात हवामान लिहू नकोस.

बाकी ठीक. माया आहे तितकी राहू दे.
तुझी,
ब्रिटा


क्रुकस्टन, मिनेसोटा,
१६ फेब्रुवारी

चि. ब्रिटास,
आईचे अ. आ.

पत्र पोचलं. हवामान लिहू नकोस म्हणतेस, तर नाही लिहीत. उणे बावीस आहे, एवढंच.

ओळखेल का म्हणून विचारतेस. खोटा धीर देणं मला जमत नाही. एरिकच्या बाळंतपणात मी सहा आठवडे फार्गोच्या दवाखान्यात पडून होते. घरी आले तर तू बाबांच्या पायांमागे लपलीस. दोन दिवस माझ्याकडे बघेनास. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटातला बटाटा उचललास आणि मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. हे सहा आठवड्यांचं झालं. सात महिन्यांचं मला काय ठाऊक?

तिकिटाबद्दल आता तोंड उघडत नाही. हौसेला मोल नसतं. चर्चच्या बायकांना बातमी लागली आणि प्रत्येकीने हॉटडिशचं एकेक भांडं भट्टीत भाजून आणून दिलं. आमचा फ्रीझर आता बंद होत नाही. जगबुडी झाली तरी नेल्स आणि आम्ही तीन महिने ट्यूना आणि नूडल्सवर काढू. बाबांनी मोटारीचं मागचं सीट तीनदा मोजलं. ते काय वाढणार आहे का, असं मी विचारलं, तर चौथ्यांदा मोजलं. त्यांचं प्रेम असंच, टेपने मोजून.

ये. रस्ते घसरडे आहेत, पण ग्रँड फोर्क्सच्या विमानतळावर आम्ही वेळेवर उभे असू.

आशीर्वाद आहेतच, ते काही संपणारे नाहीत.
तुझी आई,
लव्हॉन


सॅन डिएगो,
७ मार्च

ती. आईस,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

पोचले. घर इतकं नीटनेटकं आहे की बघवत नाही.

तिथे असताना बोलणं झालं नाही ते आता लिहिते. येतानाचा प्रवास तू विचारलास आणि मी ‘बरा झाला’ म्हटलं. आई, त्या प्रवासाने माझी हाडं खिळखिळी झाली. एका खांद्यावर पोर, दुसऱ्यावर त्याची बॅग, आणि दोन्ही हातांत ती अवजड सीट. त्या चिंचोळ्या वाटेने जाताना दोघांच्या कोपरांना आणि एकाच्या कॉफीला धक्का लागला. कारसीट खिडकीशीच बांधावी लागते आणि तिथे एक गृहस्थ आधीच मांडी ठोकून बसले होते. उठले, पण असे की जणू मी त्यांची जमीन लिहून मागितली. मग पुढच्या बाईची खुर्ची मागे कलेना, कारण नेल्सची सीट उलट्या तोंडाची. विमानातली मुलगी भली होती. तिने त्या बाईची समजूत घातली, सीटच्या कुशीवरची अक्षरं वाकून वाचली, ठीक आहे म्हणाली, आणि मी घामाघूम होऊन बसले.

आणि तो? सुटण्याआधीच झोपला. मिनियापोलिसपर्यंत माझा हात त्याच्या पावलावर होता. पाणी प्यायलाही काढला नाही.

निघायच्या दिवशी तू म्हणालीस, तो झोपलाय तोवर निघून जा, रडारड नको. मी ऐकलं. तुझ्यावर राग नाही, पण ऐकायला नको होतं असं वाटतं. तो उठला तेव्हा काय झालं ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

येते, म्हणजे आता जाते.
तुझी,
ब्रिटा


क्रुकस्टन,
१२ जून

चि. ब्रिटास,
आईचे अ. आ.

तुझं जहाज कुठे आहे ते विचारायचं नाही असं कळलं, म्हणून विचारत नाही. जेवतेस ना?

नेल्स चालायला लागला. बाबांच्या बुटांकडे गेला, माझ्याकडे नाही, हे नमूद करून ठेवते. बाबांना तो ‘बप’ म्हणतो आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करतात, म्हणजे तो पुन्हा म्हणेल. तुझा गणवेशातला फोटो फ्रीजवर लावलाय. रोज सकाळी त्याला उचलून दाखवते आणि आईला पापी दे म्हणते. तो शेजारच्या माशाच्या मॅग्नेटला पापी देतो. मी त्याला हळूहळू उजवीकडे सरकवतेय.

तो उठला तेव्हा काय झालं ते तू विचारलं होतंस. त्याने घरभर बघितलं. मोठ्याने रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

कारसीटची फार पंचाईत होती. पहिला महिना बसवायला गेलं की पाठीची कमान करून फळीसारखा ताठ. आता बसतो. मध्ये चर्चहून येताना त्याने तिच्यात रुबार्बचं सगळं पुडिंग उलटून टाकलं. मग मी दिवसभर अंगणात बसून ती खुर्ची व्हिनेगरने घासली. कापड काढून धुतलं, आणि प्लास्टिकवर चिकटवलेले ते मळकट, कडा उचकटलेले कागद लोण्याच्या सुरीने खरवडून टाकले. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली आहेत, ब्रिटा. दुकानातून आल्यासारखी चमकतेय.

थकवा येतो, पण तो वयाचा आहे, त्याचा नाही.
जिथे असशील तिथे सुखी राहा.
तुझी आई,
लव्हॉन


जहाजावरून,
२० जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं जूनचं पत्र काल हातात पडलं. चार वेळा वाचलं. माशाच्या पापीवर आमच्या इंजिनखोलीतली सगळी मंडळी हसली. मीही हसले आणि मग पंप तपासायचा आहे सांगून तिथून निघाले.

इथे नुसती उष्णता. कपडे वाळतच नाहीत, माणसंही नाहीत. मी उभ्या उभ्या झोपायला शिकले. सीट घासून ठेवलीस हे वाचून बरं वाटलं. तुझ्या हाताला काही स्वच्छ केल्याशिवाय चैन पडत नाही.

आता ऑक्टोबरात जहाज परतेल तेव्हाचं. तारीख कळली की कळवते. बीट काढायच्या हंगामात बाबांना ट्रकावरून कोणी उतरवू शकत नाही, म्हणजे तू एकटीच नेल्सला घेऊन सॅन डिएगोला येशील. त्याचं खिडकीचं तिकीट मी काढते. मांडीवर घेऊन बसू नकोस. तुझा खांदा आधीच दुखरा. त्याला सीटवर बांध आणि स्वतः जरा डोळे मिट. तो झोपून ताजातवाना यावा, चिडलेला नसावा, एवढंच मला हवंय. धक्क्यावर हजार माणसं, बँड, झेंडे, आणि त्यात एक अनोळखी बाई हात पसरून धावत येणार. मलाच माझी भीती वाटते.

जपून राहा. तुझी माया पुरवून पुरवून वापरतेय.
ब्रिटा


सॅन डिएगो,
६ नोव्हेंबर

ती. आईस,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

तुला जाऊन आठवडा झाला. फोनवर तू पहिला बर्फ पडल्याचं सांगितलंस आणि इथे माझ्यामागे नेल्स रडायला लागताच भांड्यात काहीतरी जळतंय म्हणून फोन ठेवलास. सकाळी नऊ वाजता काय जळत होतं?

कारसीटबद्दल तू इथे चार दिवस माझी माफी मागत होतीस, ती आता पुरे. चूक माझीही आहे. विमानात चालेल असं लिहिलेली लाल ओळ त्याच कागदांवर असते आणि ती नसली तर विमानवाले सीट आत घेऊ देत नाहीत, हे मला माहीत होतं. तू कागद खरवडल्याचं स्पष्ट लिहिलं होतंस. मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. इतकी दमलेली होते. सामानात टाकलेली ती सीट कशी आदळली असेल कोण जाणे, म्हणून आता नवी घेतलीय.

धक्क्यावरचं तू पाहिलंसच. त्याने तुझ्या मानेत तोंड खुपसलं आणि माझा हात लागताच अंग आखडून घेतलं. मी हसून म्हटलं, थकलाय बिचारा. तूही तेच म्हणालीस. आपण दोघी किती छान खोटं बोललो.

आता माझ्या हातून खातो. पण पाळणाघरात जायची वेळ झाली की रोज रणकंदन. गाडीपाशी नेलं की पाठीची कमान करतो आणि फळीसारखा ताठ होतो. काल मी पार्किंगमध्ये वीस मिनिटं त्याला बसवत होते. मग मीच त्याच्याशेजारी सीटवर बसून रडले आणि तो माझ्याकडे बघत राहिला. दोनदा कामावर उशिरा पोचले. लेकुरवाळ्या बायका म्हणतात वेळ दे. वेळ कुठून देऊ?

आई, तुझ्याकडे तो बसायचा. तू काय करायचीस? बिस्किट द्यायचीस, गाणं म्हणायचीस? जे असेल ते लिही. लपवू नकोस.

तुझीच,
ब्रिटा


क्रुकस्टन,
१४ नोव्हेंबर

चि. ब्रिटास,
आईचे अ. आ.

काही जळत नव्हतं. त्याचं रडणं ऐकवत नाही, म्हणून फोन ठेवला. आता खरं लिहायचंच आहे तर तिथूनच सुरुवात.

बिस्किट देऊन बघितलं, त्याने भिरकावलं. माझ्या गाण्याने तर बाबाही उठून जातात. मार्चअखेरीला एकदा दुकानात जायचं होतं, बाहेर वारा कापत होता, आणि तो ताठ. मला सुचेना. मी म्हटलं, चल रे नेल्स, आईकडे जायचंय. तो एकदम सैल पडला. हात स्वतःहून पट्ट्यांत घातले. मी बक्कल लावलं आणि आम्ही दूध आणायला गेलो.

मग तेच धरलं. दुकानात, चर्चला, लशीला, बाबांना शेतावर डबा द्यायला, दर वेळी आईकडे जायचंय. पोहोचलो की तो इकडेतिकडे बघायचा. मी म्हणायची, आज नाही भेटली, उद्या भेटेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचा. सात महिने, ब्रिटा, रोज. असं पोराला फसवणं पाप आहे हे मला कळत होतं. पण असंही वाटायचं की निदान तुझं नाव तरी त्याच्या कानावर पडतंय.

विमानात चढताना मी त्याला तेच सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं. तो तसाच शहाण्यासारखा बसायला तयार झाला, हात पुढे केले. आणि विमानातली मुलगी विजेरी घेऊन सीटच्या सगळ्या बाजू शोधत राहिली. म्हणाली, आजी, इतकी स्वच्छ सीट मी आजवर पाहिली नाही, पण लिहिलेलं नसेल तर मला परवानगी नाही. तिचा काही दोष नव्हता. सीट खाली सामानात नेली. शेजारची खिडकीची खुर्ची तुझ्या तिकिटाची, रिकामी. आणि तो माझ्या मांडीवर, त्या खुर्चीकडे बोट दाखवत, मिनियापोलिसपासून तुझ्या गावापर्यंत त्याने एक डोळा मिटला नाही. तो विचारत होता आणि मी सांगत होते, हो, आईकडेच, खरंच आईकडे. त्याने विश्वास ठेवला नाही. का ठेवावा?

तेव्हा धक्क्यावर तो तुला विसरला म्हणून आखडला नाही. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास राहिला नव्हता, एवढंच. तुला हे चार दिवस सांगायचं होतं, पण लाज वाटली. माफी मागत होते ती कागदांची नव्हती.

आता तुझा प्रश्न. तो ‘आईकडे’ आता चालणार नाही, कारण आई समोरच उभी आहे. म्हणून उद्या सकाळी त्याला सांग, चल, आजीकडे जायचंय. बसेल. मला खात्री आहे. आणि पाळणाघराशी उतरवताना सांग, आज नाही भेटली. मी सात महिने तुझं नाव वापरलं, तू माझं वापर. फक्त नाताळात एकदा त्याला खरोखर घेऊन ये.

माझा जीव तुम्हा दोघांत अडकलेला आहे, तो तसाच असू दे.
तुझी आई,
लव्हॉन