कराराचा शेवटचा अध्याय

ता. ३ जून

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी धाकटीचा सा. न. वि. वि.

पुढच्या खोलीतले माझे पार्लर आता एका मोठ्या कंपनीच्या नावाने चालवावे, असे घाटते आहे. याला फ्रँचायझी म्हणतात. पाटी त्यांची, रीत त्यांची, हात माझे. करार जाडजूड आहे. कंपनीचे साहेब म्हणाले, सगळे छापीलच असते, वाचत कोण बसते! प्रत सोबत धाडते. आपला आशीर्वाद तेवढा कळवावा, म्हणजे सही करीन.

आपल्या मायेची,
धाकटी

ता. ८ जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आशीर्वाद आहेच, परंतु न वाचता सही करणे म्हणजे पोथी न उघडता फलश्रुतीवर डोळा ठेवणे. नित्याचे वाचन आटोपल्यावर तुझा करार मी काकूला मोठ्याने वाचून दाखवला. आरंभीच्या स्वागतपर पानांना ती पेंगली. शेवटाकडचे कलम येताच मात्र ताडकन उठून बसली. करार कोणीही मोडो, पुढे दोन वर्षे त्या गावात तू हा व्यवसाय करावयाचा नाहीस. गिऱ्हाइकेही कंपनीचीच मानली जातील. काकू म्हणाली, म्हणजे पोरीला स्वतःच्या घरात कात्री धरायची चोरी!

चार पुरुषार्थांत मोक्ष शेवटी येतो; करारात तो आधी पाहावा. ते कलम बदलून माग. आणि ज्यांनी ही पाटी उतरवली, अशा कोणास तरी भेट. लावलेल्यांना सगळेच भेटतात.

तुझे कल्याण इच्छिणारा,
काका

ता. १९ जून

तीर्थस्वरूप काकांस सा. न. वि. वि.

साहेबांनी कलम बदलण्यास साफ नकार दिला. वर विचारले, काका वकील का? मी म्हटले, नाही, पोथी वाचतात.

मग पाटी उतरवलेल्या एका बाईंना शोधून काढले. त्या आता चपला विकतात. चहा देता देता म्हणाल्या, अगं, तुझे केस एका बाजूला लांब राहिलेत. उठल्या, दार लावले, पडदा ओढला आणि कात्री काढली. काय हात चालत होता! काम झाल्यावर त्यांनी जमिनीवरचे केस वेचून कागदात गुंडाळले, पिशवीच्या तळाशी दडवले आणि मगच दार उघडले.

घरी येऊन करार सहीविनाच परत धाडला.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
धाकटी