समोर बसून शिकवलेलं विणकाम

आई, काल तुझ्या नातीने माझे आभार मानले. पिंप्राळ्याच्या घरी गॅलरीत कोवळ्या उन्हाला खुर्च्या टाकून आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. ती पहिल्या बाळंतपणाला धुळ्याहून आली आहे आणि बाळाची टोपी आपणच विणायची, असं तिने मनावर घेतलंय. मी क्रोशाच्या सुईवर खांबाचे टाके घालून दाखवत होते. ती म्हणाली, "आई, माझ्यासाठी किती हळू करतेस गं. यूट्यूबवरच्या बाया नुसत्या पळत सुटतात." मी हसले. मी हळू करत नव्हते. नेहमीच्या वेगाने, खरं तर जरा जोर लावूनच करत होते.

हे सांगायला तुझ्याशिवाय कोणी सुचलं नाही, आणि तुला जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली. संस्कृत शिकवण्यात जन्म घालवलेल्या बाईने गेलेल्या माणसाला द्वितीय पुरुषी एकवचनात पत्र लिहिलं, तर त्यात व्याकरणाची चूक नाही. शहाणपणाची खात्री मी देत नाही.

चोपड्याला मी लहान असताना तू मला शेजारी बसवून शिकवायचीस. सुई उजव्या हातात द्यायचीस, ती आपसूक डाव्यात जायची. "बठ्ठं उलटं शे तुनं," असं सगळंच उलटं ठरवायचीस आणि वीतभर विणलेलं उसवून लोकर पुन्हा गुंडाळायचीस. प्रसादाला डावा हात पुढे केला की चापट बसायची; विणकामात चापट नव्हती, नुसतं उसवणं होतं. चापट परवडली असती. स्वेटर ही वस्तू उसवण्यासाठीच विणतात, असा माझा बरीच वर्षं समज होता.

मग हीच मुलगी पोटात असताना मी माहेरी आले आणि तुला काय सुचलं कोण जाणे, तू मला शेजारी न बसवता समोर बसवलंस. "मन्हा हात देख, मन्हं तोंड नको देखू." तुझा उजवा तो माझा डावा. एका दुपारीत मला साखळी आली, दोन दिवसांत खांब. शब्दरूपं पाठ करायला याहून जास्त वेळ लागला होता. आणि तू शिकवत होतीस तरी किती सावकाश. सुई टाक्यात घालण्याआधी क्षणभर थांबायचीस, मी पाहिलंय याची खात्री करून घेतल्यासारखी. आईला आता धीर आलाय, असं मी आबांना कौतुकाने सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "तुन्ही मायले? कव्हय?" तुझ्या धीरावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता.

मुलगी झाली आणि तिच्या बारशाला तुझ्या हातातली बशी कपाखाली खडखड वाजली. सगळ्यांनी वळून पाहिलं. "काही नई शे, गारठा शे," तू म्हणालीस. वैशाखात, चोपड्याला, गारठा. बाया हसल्या, मीही हसले. पुढे वैद्यांनी कंपवात असं नाव सांगितलं. नाव कसं गोड आहे बघ, कुठल्याही वृत्तात बसेल. त्यानंतर आधी तुझे ब्लाऊजचे हूक गेले, मग कंगवा, मग घास. शेवटी शेवटी तू खाटेवर नुसती बसलेली असायचीस आणि मांडीवरच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत राहायचा, न दिसणारी लोकर वळत असल्यासारखा.

परवा नातीने ट्रंकेतून तिचं दुपटं काढलं. तेच, जे तू एका टोकाने आणि मी दुसऱ्या टोकाने विणत आलो होतो. आपले टाके एकमेकींच्या विरुद्ध बाजूला कलतात, ते तिला फार आवडलं. मग तुझ्या बाजूवर तिचं बोट थांबलं. सुरुवातीला तुझी वीण इतकी घट्ट की त्यातून पाणी गळायचं नाही, आणि मध्यापर्यंत येता येता टाके सैल, लहानमोठे. "आजीला कंटाळा आला होता का गं?" "तिला घाई असायची," मी म्हणाले.

तुला तेव्हाच कळलं होतं ना? माझं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत तू हात पदराखाली ठेवायचीस. माझ्या ते आता लक्षात येतंय, कारण कप फार तापलाय असं सांगून हल्ली मी हिलाच चहा ओतायला लावते. शेजारी बसून शिकले असते तर कदाचित ओळखू आलं नसतं. पण तुझा हात मी समोरून शिकले. माझ्या डाव्या हाताला टाक्याआधी जो थांबा लागतो, तो मी आधी पाहिलेला आहे.

हिला सांगणार नव्हतेच. पण आज सकाळी नाश्ता करताना ती म्हणाली, "मंगळवारी माझी तपासणी आहे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात. तुझा नंबर लावलाय."

"मला काय धाड भरलीय?"

"काल तू मला सुईत दोरा ओवून मागितलास आई. मला. मी बटण लावायला टेलरकडे जाते."

मी बरं म्हणाले.

डॉक्टर विचारतील, घरात आधी कुणाला होतं का. ही शेजारच्या खुर्चीत बसलेली असेल, नववा महिना लागलेला. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीतही जात नव्हती. आजी पडली आणि गेली, एवढंच तिला ठाऊक, आणि तेवढं खोटंही नाही. मी हो म्हणाले की तो प्रश्न माझ्या हातावर थांबणार नाही, तिच्याकडे जाईल, आणि तिथून आणखी पुढे. नाही म्हणाले, तर डॉक्टरांना माझ्याबद्दल अर्धंच कळेल. बारशाला गारठ्याचं निमित्त केलंस, मला खरं सांगितलं नाहीस, याचा मी पुष्कळ वर्षं राग धरला होता. आता काय बोलायचं ते तुलाच विचारत बसले आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. नाश्त्यानंतर ती टोपीचा नवा फेर घालत होती. दर दोन-चार टाक्यांनी विचारायची, "बरोबर येतंय ना?" मी हो, हो म्हणत गेले. टाके मी पाहिलेच नाहीत. तिचे हात बघत होते.